सात रस्त्यावर थांबलेली त्र्याऐंशी माणसे

राजय्या पेंटरला मी शेवटचा भेटलो तेव्हा त्याने मला तिरडीचे माप विचारले. अंगात ताप, खाटेवर उताणा पडलेला, पण चेहरा असा निवांत की जणू बाजारात वांगी निवडायला आला आहे. "दाम्या, तू मापाचा माणूस. सांग की, मला बांबू केवढं लागंल?" गिरणीच्या घडीखात्यात कापडाचे वार मोजण्यात माझी बावीस वर्षे गेली. मापाचा प्रश्न आला की माझ्या तोंडून उत्तर आधी निघते आणि प्रश्न कशाचा होता हे मागाहून कळते. मी म्हणालो, "तुझी उंची पाच फूट चार. डोक्याकडे नऊ इंच, पायाकडे नऊ इंच. सहा फूट दहा इंचांचे दोन." आणि मग जीभ चावली. राजय्या हसू लागला, हसता हसता खोकू लागला. आतून नरसम्मा वहिनी ओरडल्या, "अण्णा, त्यांना हसवू नका. डॉक्टर नको म्हणालाय." मी म्हणालो, मी काहीच विनोद केलेला नाही, आणि ते खरे होते. चौथ्या दिवशी तो गेला. बांबू मीच आणले. माप बरोबर निघाले...

त्याला आता पाच आठवडे झाले. त्या भेटीत, मी उठून चप्पल घालत असताना, त्याने आणखी एक प्रश्न विचारला होता. "ते पोस्टर बरं झालतं का रे?" हा प्रश्न त्याने मला आठ वर्षांत, माझ्या मोजणीप्रमाणे, अकरा वेळा विचारला. उत्तर मी एकदाही दिले नाही. त्या दिवशीही "तू आधी बरा हो" असे काहीतरी बोलून निघालो. न मोजलेल्या ताग्यावर शिक्का मारायचा नाही हा माझा रोजगाराचा नियम. तोच मी घरी, देवळात आणि मित्रांतही पाळत आलो. गुण कळला नाही तर बरे म्हणायचे नाही, वाईटही म्हणायचे नाही. राजय्याला नेमके त्यामुळेच माझे उत्तर हवे होते. "दुसरी लोकं तोंडावर बरं म्हणत्यात नि पाठीमागं हसत्यात. तुला खोटं बोलाया येत न्हाई," असे तो म्हणे.

आमची ओळख म्युनिसिपालिटीच्या शाळेतली. तो सोलापूरच्या पूर्वभागातल्या विणकरांच्या गल्लीतला, घरात तेलुगू बोलणारा. मी भिक्षुकाच्या घरातला. चौथीत आम्ही एका बाकावर आलो, कारण दोघांनाही मागच्या भिंतीशी बसायला आवडे. त्याला खिडकीतून बाहेर बघता येई आणि मला सगळ्या वर्गाची डोकी मोजता येत. एकदा चित्रकलेच्या गुरुजींनी टेबलावर पितळी लोटा ठेवून तो काढायला सांगितले. टेबलाचा एक पाय आखूड. लोटा गडगडत खाली आला, गुरुजींनी तो उचलून पुन्हा जागेवर ठेवला, आणि आम्ही सगळ्यांनी ठेवलेला लोटा काढला. राजय्याने पडणारा काढला. टेबलापासून जमिनीपर्यंत नुसती गरगर वेटोळी. गुरुजींनी विचारले, "यातला लोटा कुठला?" तो म्हणाला, "समदं मिळून एकच हाय की." मी तोपर्यंत वेटोळी मोजली होती. मदत व्हावी म्हणून सांगितले, "गुरुजी, चौदा आहेत." दोघांनाही बाकावर उभे केले.

पुढे तो पेंटर झाला. दुकानांच्या पाट्या, टांग्यांचे नंबर, पत्र्याच्या ट्रंकांवर मोर, नाटकाच्या पडद्यावर राजवाडे. काम स्वच्छ नव्हते, हे मित्र असूनही सांगितले पाहिजे. त्याची अक्षरे उभी राहत नसत. एका किराणा दुकानाची पाटी त्याने अशी रंगवली की पहिले अक्षर सरळ, दुसरे जरा पुढे कललेले, आणि शेवटचे जवळजवळ धावत सुटलेले. मालक म्हणाला, "राजय्या, माझं दुकान निघालंय कुठं?" ट्रंकेवरचा मोर तर वाळवायला ठेवलेला असतानाच उडेल असे वाटे. गिऱ्हाइके हटत नसत, कारण तो दिलेल्या दिवशी काम देई आणि रंग दहा वर्षे उडत नसे. दोन्ही गोष्टी मी स्वतः पडताळल्या आहेत.

आता त्या पोस्टरविषयी. आठ वर्षांपूर्वी आमच्या गावातल्या एका मंडळाने उद्योग आणि कलाकौशल्याचे प्रदर्शन भरवायचे ठरवले. अध्यक्ष एक वकील, सगळे त्यांना बापूसाहेब म्हणत. बोलताना दर वाक्याला चष्मा पुसायचे. दुसरे वजनदार सभासद मिरचीचे व्यापारी मल्लप्पा शेठ, अक्कलकोटकडचे. मला चिटणीस केले, कारण खुर्च्या भाड्याने आणून तेवढ्याच परत करणारा माणूस हवा होता. पोस्टरसाठी मी राजय्याचे नाव सुचवले. पोस्टरवर काय असावे याची यादी कमिटीने एकमताने केली: वर कमळावर लक्ष्मी, डावीकडे गाय, उजवीकडे तेलाचे इंजिन, मध्ये चाक, भोवती वेलबुट्टी. यादी मी स्वतः राजय्याला नेऊन दिली. त्याने ती वाचली, कानात खोचली आणि म्हणाला, "एवढी गर्दी झाल्यावर परदर्शनाला जायचं कशाला? हितंच बघून घरी जातील की."

पंधरा दिवस त्याने काहीही केले नाही. मग एका सकाळी मला गल्लीत बोलावले. विणकरांच्या गल्लीत सकाळचे दृश्य ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो: विणण्याआधी सुताचा ताणा गल्लीच्या लांबीभर लाकडी घोड्यांवर ताणतात आणि त्याला खळ लावतात. दोघे जण दोन बाजूंनी एक लांबरुंद कुंचा धरतात आणि टोकापासून टोकापर्यंत पाय जुळवून चालत तो ओढतात. हात थांबला की सूत चिकटते, म्हणून थांबायचे नाही. नवा कुंचा खरखरीत, तो धागे तोडतो. घरात दहाबारा वर्षे फिरला की मऊ पडतो. म्हणून जुना कुंचा त्या घरांत सांभाळून ठेवतात, शेजाऱ्याला देत नाहीत. राजय्याच्या घरचा कुंचा त्याच्या बापाच्या वेळचा. तो फिरवायच्या नरसम्मा वहिनी आणि त्यांचा भाऊ. राजय्याला त्याला हात लावायची मनाई होती, कारण लहानपणी कुंचा ओढताना तो तंद्रीत दुसऱ्याच्या गल्लीत शिरला होता.

त्या दिवशी ताणा नव्हता. फळ्यांवर जाड कागदाचे ताव जोडून चिकटवले होते. मी मोजले, सात फूट बाय तीन. शेजारी रंगाच्या तीन डेगी, लाल, निळी आणि काजळीची काळी. वहिनी पाणी आणायला गेल्या होत्या. राजय्याने धोतर खोचले, मला म्हणाला, "भिंतीला लाग," आणि आतून तो कुंचा काढून आणला. मी म्हणालो, "अरे, हा खळीचा..." तोपर्यंत कुंचा लाल डेगीत गेला होता. मग तो पळाला. पंचेचाळिशीचा, पोट सुटलेला माणूस, दोन्ही हातांत कुंचा धरून कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दात खाऊन पळाला आणि पुढे चार पावले नुसताच पळत गेला. परत आला, निळा घेतला, पुन्हा पळाला, मध्येच मनगट वळवले. तिसऱ्या खेपेला काळा. त्या वेळी त्याच्या तोंडातून एक आवाज निघाला... हाक नव्हे, शिवी नव्हे. मूल जन्मताना बाहेरच्या खोलीत बसलेल्या माणसाला आतून ऐकू येतो तसा. मग तो पाय घसरून बसला. सगळे मिळून, माझ्या घड्याळाप्रमाणे, दीड मिनिटही झाले नव्हते.

तेवढ्यात वहिनी घागर घेऊन कोपऱ्यावर आल्या. त्यांनी आधी नवऱ्याकडे पाहिले नाही, कुंच्याकडे पाहिले. "अय्यो देवुडा!" घागर खाली आली. "माझा कुंचा! सासऱ्याचा कुंचा! सोन्यावानी मऊ झालता. आता काय तुमच्या डोक्यानं खळ लावू?" राजय्या जमिनीवर बसूनच म्हणाला, "लाव की. केसं हायत थोडी." त्या तीन दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत, आणि कुंच्याविषयी पुढे आठ वर्षे बोलत राहिल्या. रंग गेला, पण काजळी मुळांत बसली ती बसली. पांढऱ्या सुताला तो कुंचा पुन्हा लागला नाही. नवा आणून तो मऊ होईपर्यंत त्या घरात धागे तुटतच राहिले.

मी कागद वाळवून कमिटीपुढे नेला. राजय्याची अट एकच होती: खाली जागा आणि तारीख लिहायची, बाकी त्यात काही घालायचे नाही. कागद भिंतीला लावला. बापूसाहेबांनी चष्मा पुसला, पाहिले, पुन्हा पुसला. "दामूअण्णा, ही मागची बाजू का?" मी म्हणालो, "नाही, पुढचीच." "मग लक्ष्मी कुठे आहे?" मल्लप्पा शेठ मान वाकडी करून बघत होते. ते म्हणाले, "लक्ष्मी नाही री, हे मिरचीचं पोतं फुटलंय वाऱ्यात. डोळ्याला झोंबतंय बघा." एका कोपऱ्यातून कुणी म्हणाले, पेंटरचा ज्वर उतरला की दाखवावे. सगळे हसले. राजय्या दाराशी उभा होता, नखांच्या कडेला रंगाची रेघ राहिलेले हात पाठीमागे घेऊन. मला वाटले तो काही विनोद करील. त्याने केला नाही. तो माझ्याकडे बघत म्हणाला, "दामूअण्णा हुतं की तितं. त्यांनी बघितलंय. ते काय म्हणत्यात ते विचारा."

सगळे माझ्याकडे वळले. आणि मी... "बरे आहे" हे दोन शब्द मला बोलता आले नाहीत. वाईट आहे असेही वाटत नव्हते. मला त्यात काय बघायचे तेच कळत नव्हते. मी जे करू शकत होतो ते केले. म्हणालो, "बापूसाहेब, आपण मोजून बघू. मंडळाच्या गेल्या उत्सवाचे लक्ष्मीचे पोस्टर माझ्याकडे आहे. ते आणि हे, दोन्ही सात रस्त्याच्या चौकात शेजारी शेजारी लावू. सकाळी आठ ते दहा. कोण कशापुढे थांबतो ते मी मोजतो. जास्त माणसे थांबतील ते छापू." बापूसाहेब वकील असल्यामुळे पुराव्याचे नाव निघताच त्यांना नाही म्हणता आले नाही.

दुसऱ्या दिवशी मी सात रस्त्याला वही-पेन्सिल घेऊन उभा राहिलो. थांबणे कशाला म्हणायचे हे आधी ठरवले: दोन्ही पाय टेकून पाच आकडे मोजेपर्यंत उभा राहील तो थांबला. लक्ष्मीपुढे लोक चालता चालता हात जोडत आणि पुढे जात. नमस्कार बासष्ट, थांबले सात. त्यांतले दोघे विडी पेटवायला. राजय्याच्या कागदापुढे मात्र घोळका हटेना. एक टांगेवाला टांगा उभा करून म्हणाला, "ये क्या है मियाँ, आग लगी क्या?" दुसरा म्हणाला, "आग नव्हं, कुस्ती हाय. खालचा निळा चीत झालाय." गिरणीची पाळी सुटून आलेल्या दोघी बायका भांडल्या; एकीला ते रागावलेल्या सासूसारखे दिसत होते आणि दुसरी त्याच सासूची लेक होती. खांद्यावर घोंगड्या टाकून विकायला आलेला एक धनगर सर्वांत जास्त वेळ उभा राहिला. मी न राहवून विचारले, "काय दिसतंय?" तो म्हणाला, "दिसाया काय पायजे? कळपात लांडगं शिरलंय. मेंढरं कुटं जात्यात त्यांची त्यास्नी तरी ठावं असतंय व्हय?" आणि मान हलवत निघून गेला. दहा वाजता बेरीज केली. त्र्याऐंशी. त्यांतल्या एकतीस जणांनी नावे ठेवली, पण थांबून ठेवली.

राजय्या पलीकडे पानाच्या दुकानापाशी उभा होता. मी वही दाखवली. "त्र्याऐंशी. तुझे पोस्टर छापायचे." त्याने आकड्याकडे पाहिलेच नाही. "ते लोकांचं झालं. बरं झालंय का?" मी पुन्हा म्हणालो, "त्र्याऐंशी माणसे थांबली, राजय्या." "आन् तू? तू थांबलास?" मी म्हणालो, "मी मोजत होतो." त्याने पानवाल्याकडून दोन पाने घेतली. मग हसला, पान पुढे केले आणि म्हणाला, "मोजणाऱ्याला थांबता येत न्हाई, व्हय?" कमिटीपुढचा तो पहिला आणि हा दुसरा, असे मी त्याचे प्रश्न मोजायला लागलो ते तिथपासून.

पोस्टर छापले. शिळाप्रेसच्या कारागिराने कुंच्याच्या एकेका केसाची रेघ दगडावर उतरवली. दीड मिनिटाची धाव नकलायला त्याला सहा दिवस लागले आणि सातव्या दिवशी तो मान धरून आडवा झाला. पोस्टर तालुक्यांत गेले. जेऊरला एका दुकानदाराने ते आडवे लावले, आणि नंतर राजय्याला दाखवले तेव्हा तो म्हणाला, "असंबी बरं दिसतंय." करकंबच्या बाजारात मात्र लोकांनी लाल-काळा कागद बघून ठरवले की सरकारी लस टोचायला माणसे येणार. खालची जागा आणि तारीख वाचून कुणीतरी सांगितले की टोचणी सोलापुरातच आहे. प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी एक वयस्कर शेतकरी सदऱ्याची बाही दंडापर्यंत गुंडाळून सरळ माझ्या टेबलापाशी आला आणि हात पुढे करून म्हणाला, "टोचा, पर लवकर. गाडी गाठायची हाय." राजय्या तिथेच होता. त्याने त्या माणसाला हाताला धरून सगळे प्रदर्शन दाखवले, बाही तशीच गुंडाळलेली. जाताना तो म्हातारा म्हणाला, "दुखलं न्हाई की काय." राजय्याने ही गोष्ट पुढे प्रत्येक लग्नात सांगितली.

पण लग्नाहून घरी चालत येताना, हसणे ओसरले की, तो पुन्हा विचारी. कधी सरळ, कधी आडून. एकदा दिवाळीत मी वैतागून म्हणालो, "अरे, तू एवढा पेंटर, तुला माझ्यासारख्या कापड मोजणाऱ्याच्या शब्दाचे काय?" तो म्हणाला, "त्या दिवशी गल्लीत पळताना मला वाटलं, हे खरं हाय. जन्मात एकदा वाटलं. पर मी येडाबी असंन की. बघायला तू एकटाच हुतास." मी फराळाचे ताट त्याच्यापुढे सरकवले. त्यानंतर त्याने पाट्याच रंगवल्या. अक्षरे पूर्वीपेक्षा सरळ येऊ लागली होती. गिऱ्हाइके खूष होती. मला ते सरळ येणे आवडत नव्हते, हेही मी त्याला सांगितले नाही.

दिवसकार्य झाल्यावर आठवड्याने वहिनींचा निरोप आला म्हणून गेलो. भिंतींना चुना द्यायचा होता. राजय्याच्या खाटेसमोरच्या भिंतीवर त्याने ते मूळचे सात फुटी पोस्टर खिळे ठोकून लावले होते. एवढ्या वर्षांत त्या घरी गेलो की मी खाटेकडे तोंड करून, म्हणजे पोस्टरकडे पाठ करून बसत असे. वहिनी म्हणाल्या, "अण्णा, हे काढू का ऱ्हाऊ देऊ? मला त्यातलं काय कळत न्हाई. मला त्यात माझा कुंचाच दिसतो. तुमी सांगा, तुमचा शबुद ते मानायचे." आणि चहा करायला आत गेल्या. मी रिकाम्या खाटेवर बसलो. समोर तो कागद. सवयीने डाव्या कडेपासून लाल रेघा मोजायला सुरुवात केली. काही अंतरावर रेघा एकमेकींत शिरत होत्या, तिथे त्याचे मनगट वळले होते. पुढे काळा, आणि काळ्याच्या शेवटी कागद संपला तरी तो संपलेला नव्हता. तो आवाज मला ऐकू आला. गल्लीत पळणारा सुटलेल्या पोटाचा माणूस दिसला, दात आवळलेला, आणि कुणी बघत आहे म्हणून नव्हे तर थांबले तर काहीतरी चिकटून बसेल म्हणून पळणारा...

"अण्णा, तीनदा हाक मारली." वहिनी शेजारी उभ्या होत्या. चहा माझ्याजवळ कधी ठेवला होता कोण जाणे. वर साय धरली होती. "शेजारच्या मागावर हातभर कापड झालं तेवढ्यात." किती रेघा मोजल्या होत्या ते मला आठवेना. घड्याळ खिशात होते, काढले नाही. म्हणालो, "वहिनी, काढू नका. बरे आहे ते. फार बरे आहे." त्या वळल्या. भिंतीकडे तोंड करून तेलुगूत दोन वाक्ये बोलल्या, घरात उशिरा आलेल्या माणसाला बोलतात त्या सुरात. मी अर्थ विचारला नाही. चहा सायीसकट प्यायलो.

परवा पुन्हा त्या बाजूला गेलो होतो. भिंती पांढऱ्या स्वच्छ झाल्या आहेत, कागद जागच्या जागी आहे. फक्त त्याच्या काळ्या भागावर, वरच्या कोपऱ्यापासून मधोमध, चुन्याचा एक लांब फराटा उडालेला दिसला. मी रुमाल ओला करून पुसायला पुढे झालो. वहिनींनी माझा हात धरला.

"ऱ्हाऊ द्या की," त्या म्हणाल्या. "मीच मारलाय."